महाड-पोलादपूरमध्ये पाऊस तर धो-धो पडतो, मग भातशेतीचं गणित का बिघडतंय?

हवामान बदल आणि शेती म्हटलं की मराठवाड्यातली भेगा पडलेली जमीन आठवते. रायगड जिल्ह्यातले महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके मात्र त्या फोटोत बसत नाहीत. मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांत वर्षभरात ७००-८०० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या दोन तालुक्यांत तो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. एवढं पाणी आणि पीक कोणतं, तर पाण्यात उभं राहणारं भात. मग अडचण कसली?

अडचण तारखांची आहे. भाताला पाणी लागतं, पण ठरलेल्या वेळी. पेरताना थोडं, लावणीला भरपूर, फुलोऱ्यात शांत आणि कापणीला अजिबात नको. हे वेळापत्रक इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या पावसाशी जुळवून घेतलं होतं. आता पावसाने आपलं टाइमटेबल बदललंय आणि भाताचं तेच राहिलंय. त्याचा फटका खाचरात सुरू होतो आणि भातगिरणीपासून खताच्या दुकानापर्यंत जातो.

नऊ दिवसांची गोष्ट

कोकणात भाताच्या जाती तयार होण्याच्या दिवसांवरून ओळखल्या जातात. लवकर येणारं ते हळवं, मधलं ते निमगरवं आणि उशिरा येणारं ते गरवं. कर्जत-३, कर्जत-७ या जाती हळव्या, म्हणजे साधारण ११५ दिवसांच्या. गरव्या जातींना १४० दिवस आणि कधी त्याहून जास्त लागतात.

कुठे काय लावायचं हे जमिनीवर ठरतं. डोंगरउतारावरच्या, वरच्या खाचरात पाऊस थांबला की थोड्याच दिवसांत ओल उडून जाते, म्हणून तिथे हळवं. खालच्या पाणथळ खाचरात ओल टिकते, म्हणून तिथे गरवं. पोलादपूरसारख्या डोंगराळ तालुक्यात वरच्या खाचरांची संख्या मोठी, त्यामुळे हळव्या भाताला पर्याय कमी.

आता एक साधा हिशोब करू. ५ जूनला पेरलेलं ११५ दिवसांचं भात तयार होतं २८ सप्टेंबरला. हवामान खात्याच्या जुन्या वेळापत्रकात मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख होती २९ सप्टेंबर. म्हणजे पाऊस जायचा आणि विळा बाहेर निघायचा. अगदी घड्याळ लावल्यासारखं.

२०२० मध्ये हवामान खात्याने देशभरातल्या या तारखा बदलल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. परतीच्या नव्या तारखांसाठी १९७१ ते २०१९ चा काळ धरला गेला आणि मुंबईची तारीख झाली ८ ऑक्टोबर. मान्सून उत्तरेकडून माघार घेतो, त्यामुळे मुंबईच्या दक्षिणेला असलेल्या महाडमधून तो आधी जाण्याची शक्यता नाही.

नऊ दिवस म्हणजे फार नाही असं वाटेल. पण पिकलेलं भात नऊ दिवस पावसात उभं राहिलं तर काय होतं ते पाहा. दाण्यांनी जड झालेल्या लोंब्या वाऱ्यापावसाने आडव्या होतात. खाचरात पाणी असेल तर लोंबी त्यात लोळते आणि दाण्याला तिथेच मोड येतात. कापून ठेवलेलं असेल तर आणखी वाईट, कारण वाळण्यासाठी पसरलेलं भात थेट पाण्यात भिजतं. पेंढा काळा पडतो आणि गुरं तो खात नाहीत. म्हणजे धान्यही गेलं आणि वैरणही गेली.

२०१९ मध्ये दिवाळीच्या तोंडावर अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ आलं. ते किनाऱ्यावर आदळलं नाही, पण त्याच्या पावसाने कोकणातलं कापणीला आलेलं भात भिजवलं. पुढच्या वर्षी परतीच्या पावसाने तेच केलं. २०२५ मध्येही ऑक्टोबरच्या अखेरीस, दिवाळी होऊन गेल्यावर, पाऊस सुरूच होता.

मग लवकर पेरा की!

पाऊस लवकर आला तर सगळंच लवकर होईल, असं शहरात बसून वाटतं. २०२५ मध्ये हे तपासायची संधी मिळाली. त्या वर्षी २६ मे रोजीच मान्सून मुंबईत पोहोचला. नवी सरासरी तारीख ११ जून आहे, म्हणजे तो तब्बल १६ दिवस आधी आला. त्याच्याही आधीपासून अवकाळी सरी कोसळत होत्या.

इथे भाताची रोपं तयार करण्याची पद्धत लक्षात घ्यावी लागते. उन्हाळ्यात पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या आणि शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब भाजणं म्हणतात. त्याने तणाचं बी मरतं आणि जमीन भुसभुशीत होते. मेच्या शेवटी कोरड्या मातीत बी टाकतात, ती धूळपेरणी. मग जूनचा पाऊस आला की रोपं उगवतात आणि तीन-चार आठवड्यांत लावणीला येतात.

मेमध्येच जमीन चिखल झाली तर धूळपेरणीला धूळच उरत नाही. राब भिजतो, बी कुजतं आणि तण भाताच्या आधी डोकं वर काढतं. लवकर आलेल्या पावसाने पेरणी लवकर होण्याऐवजी रखडते, कारण वाफसा मिळायची वाट पाहावी लागते. ज्यांचं बी वाया गेलं त्यांना ते पुन्हा विकत आणावं लागतं.

आंबा-काजूचं थोडक्यात. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लावण्याची योजना आली आणि कोकणातल्या बऱ्याच वरकस जमिनींवर कलमं उभी राहिली. हापूसला मोहोर येण्यासाठी पावसाळ्यानंतर कोरडा काळ आणि थंडी लागते. नोव्हेंबरपर्यंत ओल राहिली तर झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. मोहोर लांबला की फळ लांबतं आणि मे महिन्यातल्या वादळी पावसाच्या तावडीत सापडतं. २०२१ च्या मेमध्ये 'तौक्ते' आलं तेव्हा हेच झालं. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकलं होतं आणि त्याने झाडंच उपटली. भाताचं एक वर्ष जातं, कलमाची दहा-पंधरा वर्षं जातात.

पाऊस महाबळेश्वरला, पूर महाडला

या भागाचं आणखी एक वैशिष्ट्य भूगोलात आहे. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरमार्गे महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. काळ आणि गांधारी या उपनद्याही महाडच्या परिसरातच तिला भेटतात. वरचा उतार एकदम तीव्र, खालचा एकदम सपाट. आणि खाडीतून भरतीचं पाणी आत येत असेल तर नदीचं पाणी जायला वाट कमी.

२२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरमध्ये २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. मराठवाड्यातला जवळपास वर्षभराचा पाऊस एका दिवसात म्हणा ना. ते पाणी खाली आलं तेव्हा गुरुपौर्णिमा जवळ होती, म्हणजे समुद्राला उधाण. महाडची बाजारपेठ बुडाली, अनेक इमारतींत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी जीव घेतले. याआधी जुलै २००५ मध्येही जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या.

माणसं गेली तिथे शेताचं काय बोलायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण जे वाचले त्यांना पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच जमिनीकडे वळायचं होतं. डोंगराकडच्या खाचरांचे बांध फुटले, माती वाहून गेली आणि दगड उरले. नदीकाठच्या शेतांवर उलट गाळ आणि वाळूचा थर बसला. जुलैचा शेवट म्हणजे लावणी नुकतीच उरकलेली असते. रोपं गेली तर दुसरी लावायला राबात रोपं शिल्लक नसतात आणि नव्याने पेरायला दिवसही उरलेले नसतात.

बांध ही गोष्ट बाहेरच्यांना किरकोळ वाटते. उतारावरची खाचरं जिन्याच्या पायऱ्यांसारखी असतात, वरच्या पायरीचं पाणी खालच्या पायरीत. मधली एक पायरी फुटली की खालच्या सगळ्यांना त्रास. आणि त्या मधल्या पायरीचा मालक मुंबईत असेल तर ती बांधायची कोणी?

गिरणीवाल्याला का फरक पडतो?

शेतमालाच्या धंद्यातल्या लोकांचं नुकसान बातम्यांत क्वचितच येतं, कारण ते एका दिवसात होत नाही.

भातगिरणी घ्या. भाताचा दाणा वाळून पुन्हा भिजला, पुन्हा वाळला, की त्याला आतून बारीक चिरा जातात. बाहेरून दाणा ठीक दिसतो, गिरणीत घातला की तुटतो. अख्ख्या तांदळाचं प्रमाण घटतं आणि कणी वाढते. कणीला तांदळाचा भाव मिळत नाही. भात किलोत तेवढंच भरलं तरी त्यातून विकण्यासारखा तांदूळ कमी निघतो. स्वतःच्या घरी खाण्यासाठी भरडून घेणाऱ्यालाही हा फरक ताटात दिसतो.

सरकारी खरेदी केंद्रावर दुसरी अडचण. २०२५-२६ साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता, पण भातात ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ऑक्टोबरभर पाऊस असेल तर भात वाळवणार कुठे? अंगणात ताडपत्री आणि घरात पंखा एवढीच बहुतेकांची यंत्रणा. मग ओलं भात व्यापारी सांगेल त्या भावाने जातं.

बियाणं-खताच्या दुकानाचा हंगाम मे ते जुलै एवढाच. माल त्याआधी भरावा लागतो आणि गिऱ्हाईक बऱ्याचदा उधारीवर नेतं, भात आल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर. जुलैमध्ये पूर आला तर गोदामातला युरिया पाण्यात विरघळतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस आला तर वही कोरडी राहते. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये मदत जाहीर केली होती. टपरीसाठी ही मर्यादा १० हजार होती. घाऊक किराणा किंवा खताच्या दुकानात किती लाखांचा माल असतो हे कुठल्याही दुकानदाराला विचारा.

महाडची बाजारपेठ बुडाली की पोलादपूरच्या वाड्यांवरही परिणाम होतो, कारण किराणा, खत, औषधं तिथूनच वर जातात. शिवाय वरंध आणि आंबेनळी हे दोन घाट भोर आणि महाबळेश्वरकडे जोडतात. दरडींनी ते बंद झाले की घाटावरून येणारा भाजीपाला अडतो आणि कोकणातला माल वर जाण्याची वाटही.

सगळंच हवामान बदलामुळे का?

नाही, आणि इथे जरा सावध राहायला हवं. एखाद्या पुराकडे बोट दाखवून हा हवामान बदलाचाच पूर असं थेट म्हणता येत नाही. पण अशा घटना किती वेळा होतात यात बदल झालाय का, हे तपासता येतं. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्याचं दिसलं. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. अरबी समुद्र तापल्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या बाष्पात मोठे चढउतार होतात, हे त्यांनी सांगितलेलं मुख्य कारण. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. हे बाष्प सह्याद्रीच्या भिंतीला धडकलं की खाली कोण आहे ते पाहत नाही.

बाकीची कारणं माणसांचीच. नदीपात्रात साठलेला गाळ, पुराच्या वाटेत झालेली बांधकामं, डोंगर कापून काढलेले रस्ते, तुटलेली झाडी. २०११ च्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालाने पश्चिम घाटात या गोष्टींबद्दल सावध केलं होतं. त्यात घरटी एक तरी माणूस मुंबईला, मजुरी महाग, माकडं आणि रानडुकरं. आधीच कमी नफ्याची शेती हवामानाने तोट्यात ढकलली की लोक खाचर ओसाड सोडतात. आणि गंमत बघा, जिथे जुलैत पूर येतो त्याच तालुक्यांतल्या काही वाड्यांना एप्रिल-मेमध्ये पाण्याचा टँकर लागतो. पाणी थांबवायची सोय नसल्याने पावसाळ्याच्या नुकसानीची भरपाई उन्हाळी पिकातून करणंही अवघड.

गुंठ्याला ८५ रुपये

नुकसान झालं तर सरकार मदत देतंच की, असं कमेंटमध्ये कोणीतरी लिहितंच. तर ती मदत किती असते?

केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळातल्या निकषांनुसार पावसावरच्या पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर हेक्टरी ८,५०० रुपये. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालतं, पण पाया हाच. एक हेक्टर म्हणजे १०० गुंठे. म्हणजे गुंठ्याला ८५ रुपये. ज्याची खाचरं मिळून १० गुंठे भरतात त्याचे होतात ८५० रुपये. किमान रक्कम १,००० ठरलेली आहे, म्हणून त्याला हजार मिळतील. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचला तर हेक्टरी १८,००० आणि दरडीने किंवा नदीने पात्र बदलल्याने जमीनच गेली तर ४७,०००. या दोन्हींतही किमान रक्कम आहे, पण १० गुंठ्यांतली माती आणि बांध पुन्हा उभा करायला ती कितपत पुरेल याचा अंदाज जेसीबीचा तासाचा दर माहीत असलेल्या कोणालाही येईल.

हे आकडे सलग, मोठ्या जमिनी डोळ्यासमोर ठेवून बनलेत. निकषातला ६५ मिलिमीटरचा नियमही तसाच. राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. लातूरला ती आपत्तीच. महाडला जुलैमध्ये तो नेहमीचा दिवस असतो, आणि ऑक्टोबरमध्ये २० मिलिमीटरही कापलेलं भात घालवायला पुरेसा असतो.

त्यात कागदपत्रं. कोकणातल्या सातबाऱ्यावर एकाच जमिनीला दहा-पंधरा नावं असणं नवीन नाही. आजोबांच्या नावावरची जमीन, वारसांपैकी दोन गावात, बाकीचे मुंबई, पुणे, सुरत. मदत एकाच्या खात्यावर यायची तर बाकीच्यांची संमती हवी. हजार रुपयांसाठी सात भावंडांच्या सह्या गोळा करायला कोण जाणार?

पीक विम्याचं तर वेगळंच. राज्यातली एक रुपयात पीक विमा योजना २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता खरीप पिकासाठी शेतकऱ्याला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता भरावा लागतो. त्याहून मोठा बदल आत आहे. आधी कापणीनंतर शेतात वाळत घातलेलं पीक १४ दिवसांच्या आत भिजलं तर त्याचा दावा करता येत होता. तो आणि स्थानिक आपत्तीचा दावा २०२५ मध्ये राज्यातून निघाला. उरला तो फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे मंडळातल्या काही निवडक शेतांत कापणी करून काढलेलं सरासरी उत्पन्न. मंडळाची सरासरी बरी असेल तर तुमच्या एकट्याच्या खाचरात भात कुजलं याला अर्थ नाही. डोंगराळ भागात तर एका वाडीचा पाऊस दुसऱ्या वाडीला माहीत नसतो.

भात पाण्याखाली जाण्याचं प्रकरण आणखी जुनं. २०१८ मध्ये केंद्राने स्थानिक आपत्तीच्या यादीतून भाताचं पाण्याखाली बुडणं काढून टाकलं होतं. भात तसंही पाण्यातलं पीक, नुकसान मोजणार कसं, असा एक मुद्दा त्यामागे होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ते पुन्हा घेत असल्याचं आणि २०२६ च्या खरिपापासून लागू होणार असल्याचं जाहीर केलं. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही त्यात आलं. विमा भरण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या अधिसूचनेत यातले कोणते धोके आहेत हे कृषी सहायकाला विचारून घ्यावं. अशा दाव्यांत ७२ तासांच्या आत ॲपवर फोटोसह कळवायचं असतं. पुरात वीज आणि रेंज दोन्ही जातात, हेही लक्षात ठेवून मोबाइल आणि कागद जपावेत.

मग करायचं काय?

बियाण्यात थोडा मार्ग आहे. 'स्वर्णा सब-१' ही जात भारतात २००९ मध्ये आली. ओडिशातल्या एका जुन्या भातातून मिळालेल्या जनुकामुळे ती साधारण दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. पण ती गरव्या गटातली, म्हणजे वरच्या खाचरांना निरुपयोगी. आणि पुरासोबत गाळ, दगड आले तर कोणतंच जनुक कामाला येत नाही.

पद्धतीत बदल हा जास्त जवळचा मार्ग. रायगडमध्येच, नेरळच्या सगुणा बागेत, चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र विकसित केलं. यात चिखलणी आणि लावणी नसते. गादीवाफ्यावर थेट टोकण करतात आणि पुढच्या वर्षी नांगरत नाहीत. मजूर कमी लागतात, माती कमी वाहते आणि राबावरचं अवलंबन संपतं. तण आवरणं मात्र जड जातं, आणि पहिल्या वर्षी वाफे करायला खर्च येतो. वरकस जमिनीवर नाचणी आणि वरीकडे परत जाणं हाही पर्याय आहे, ज्याला आता शहरात बरा भाव आहे.

कापणीनंतरची सोय सगळ्यात दुर्लक्षित. गावात एक सामाईक शेड आणि भात वाळवायचं छोटं यंत्र असेल तर ऑक्टोबरचा पाऊस येऊनही बरंच भात वाचू शकतं. गिरणीवाल्यांनाही ते परवडणारं आहे, कारण कोरडं भात म्हणजे कमी कणी.

राहिला तो मेमधला निर्णय, हळवं घ्यायचं की गरवं. बियाणं तेव्हाच विकत घ्यावं लागतं. हवामान खात्याचा मान्सूनचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये आणि सुधारित अंदाज मेच्या शेवटी येतो. दोन्ही जून ते सप्टेंबरच्या एकूण पावसाबद्दल असतात. ऑक्टोबरच्या पावसाचा अंदाज येतो सप्टेंबर संपता संपता, तोपर्यंत वरच्या खाचरातलं हळवं भात पिवळं झालेलं असतं.